चंपीनं खाल्लेले तांदूळ

आज सुनेनं तेलात लसूण टाकला आणि मी थेट सत्तर वर्षं मागे, आगाशीच्या आमच्या चुलीपाशी जाऊन बसले. मांडीवर टोपली, टोपलीत केळीच्या सुक्या पानांवर माझी चंपी. अशी कोंबडी वसईत झाली नाही. कुत्रे तिला वाट देत आणि तिनं अंडं घातलं की अर्नाळ्यापर्यंत ऐकू जाई! पण मानमोडीच्या रोगानं तिची मान पाठीवर वळली होती. मी लसणाचं कोमट पाणी कापसानं चोचीत सोडत होते. ते तसंच बाहेर ओघळत होतं.

आई सुरी घेऊन आली. "मरायच्या आत कापू या गो. मेलेली टाकून द्यावी लागेल."

मी टोपलीवर फडकं ओढलं. "अगं, बरी झाली ती! मूठभर तांदूळ खाल्ले, वर मलाच चोच मारली!" थापा मारण्यात मी तेव्हाही पटाईत.

आईनं सुरी खाली ठेवली. "मग सोड खुराड्यात. बाकीच्यांत रमेल."

थाप उघडी पडू नये म्हणून मी तिला अंधार पडल्यावर सोडली. आठवड्याभरात बाराच्या बारा कोंबड्या माना मुरडून मेल्या. आमचं मीठ-मिरची त्यांच्या अंड्यांवर चालायचं. रिकाम्या खुराड्यापाशी आई म्हणाली, रागानं नव्हे, नवलानं, "चंपी तर बरी झाली होती ना गो?"

जन्मभर मी थापा मारल्या. त्या प्रश्नाला मात्र एकही सुचली नाही.