व्हॅन सोडून रेल्वेने कँडीला

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. श्रीलंकेत फिरायला व्हॅन बरी की रेल्वे, असं तुम्ही कामशेतच्या विहारातल्या मंडळींनी विचारलं होतं. परत येऊन महिना झाला, पण हिच्या गुडघ्याची सूज उतरेपर्यंत लिहायचं धाडस होईना.

जायचं ठरलं तेच हिच्यासाठी. कँडीच्या विहारात भगवान बुद्धांचा दात जपून ठेवलाय. तिथल्या संध्याकाळच्या पूजेला उभं राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. मुलाने चार दिवसांसाठी ड्रायव्हरसकट व्हॅन ठरवून दिली. ड्रायव्हरचं नाव सुनील, आपल्याकडच्यासारखंच. थोडं हिंदी बोलायचा. मला आबा म्हणायला हिनेच त्याला शिकवलं.

अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहिला तोवर रस्ता सपाट होता, मीही शांत होतो. खोबऱ्याच्या तिखट चटणीबरोबर भात खाल्ला. वाटेत सुनीलला माझी नोकरी सांगितली. खंडाळ्याच्या घाटात मी रेल्वेचा सांधेवाला होतो, गाडीला रूळ बदलून देणारा. घाट उतरणारी गाडी तिथे आधी पूर्ण थांबते. ब्रेक धरतोय हे दिसलं, की मगच सांधा फिरतो आणि रस्ता मिळतो. ते ऐकून तो नुसता हसला.

तिसऱ्या दिवशी नुवारा एलियाच्या चहामळ्यांतून कँडीला उतरायचं होतं. खाली दरी, वळणामागे वळण. मी म्हणालो, "थांब. ब्रेक दाबून दाखव."

"आबा, रोज का रास्ता है."

तो थांबला नाही. दोन वळणं गेली आणि मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. व्हॅन मागे वळवून स्टेशनवर न्यायला लावली.

ही म्हणाली, "आवो, बसायला चांगली गाडी हाय. माझा गुडघा तरी बघा."

"रेल्वे बिनथांबता घाट उतरत न्हाई."

"ती तुमची खंडाळ्याची. हितली तुमाला काय ठावं?"

मी ऐकलं नाही. सुनील सामान घेऊन रस्त्याने पुढे गेला. राखीव जागा तर केव्हाच संपल्या होत्या. तुम्ही जाणार असाल तर आधीच काढा. आम्ही साध्या डब्यात चढलो. दारापर्यंत पर्यटक. कुणीतरी जागा देईपर्यंत ही तासन् तास उभी होती. वाटभर माझ्याकडे पाठ करून गुडघा चोळत राहिली. दरीपेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

कँडीला सुनील स्टेशनबाहेर उभाच होता. विहारापाशी पोचलो तेव्हा तिला पाऊल टेकवेना. पायऱ्या कुठल्या चढणार? आतून पूजेचे ढोल सुरू झाले. ती व्हॅनच्या दारात फुलं मांडीवर घेऊन बसली.

"तुमी जाऊन या," म्हणाली. "मला ऐकू येतंय की."

मी गेलो नाही. न जाऊन तरी काय मिळवलं?

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर पुन्हा एक घाट लागला. मी तोंड मिटून बसलो होतो. माथ्यावर सुनीलने न सांगता व्हॅन कडेला घेतली, पूर्ण थांबवली. थोडी पुढे नेऊन पुन्हा ब्रेक दाबला. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"आबा, रास्ता खुला?"

"खुला," मी म्हणालो. हिने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, विचारलं नाही.

तर व्हॅनच घ्या. थांबण्याचं ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा, आणि थांबला नाही तरी म्हाताऱ्या माणसाला उतरवू नका. तिची पूजा राहिली ती राहिलीच. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर आम्हा दोघांना जागा ठेवा. व्हॅन तुम्ही ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. लवकर कळवा, लिहिलं का म्हणून सकाळपासून ही दोनदा विचारून गेली.