एका घराला एक पत्र

आमच्या आर्डिसला खुर्ची लागली तर ती खुर्चीचीच माफी मागते. खोटं नाही सांगत, माझ्या कानांनी ऐकलंय. मिनेसोटाच्या आमच्या या कोपऱ्यात सगळेच थोडेफार तसले, पण आर्डिस लोकेनचं म्हणजे अतीच. कुणाकडे जेवायला गेली तर घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच: आपण जास्त तर नाही ना खाल्लं? आणि कमी खाल्लं असेल तर, त्या बिचारीला वाईट तर नसेल ना वाटलं?

ती आमच्या लुथेरन चर्चची सेक्रेटरी. पास्टर आले नि गेले, आर्डिस आपली तळघराच्या जिन्याशेजारच्या खोलीत आहे तिथेच. बाप्तिस्मे, लग्नं, मर्तिकं, सगळ्यांची नोंद तिच्याकडे. मी वर्ना, तिची शाळेपासूनची मैत्रीण. दर गुरुवारी मी तिच्याकडे कागदांच्या घड्या घालायला आणि पाकिटं चिकटवायला जाते. पगारबिगार काही नाही. कॉफी मिळते, लिंबाच्या वड्या मिळतात आणि बोलायला माणूस मिळतं. नवरा गेल्यापासून तेवढं मला पुरतं.

नोव्हेंबरात सर्व संतांचा रविवार येतो. वर्षभरात जे गेले त्यांची नावं त्या दिवशी पास्टर वाचतात आणि एकेका नावाला घंटेचा एक टोला पडतो. त्याआधी प्रत्येक घरी चर्चचं पत्र जातं, की तुमच्या अमक्याची आठवण आम्ही काढणार आहोत, जरूर या. पूर्वी गेलेल्या माणसागणिक वेगळं पत्र जायचं. एका वर्षी ग्लॅडिस टॉलेफ्सनची आई गेली, सासू गेली आणि भाऊही गेला. तिच्या टपालपेटीत एकाच दिवशी तीन पाकिटं पडली. तिन्हींत तोच मजकूर, नाव तेवढं वेगळं. ग्लॅडिस काही बोलली नाही. आमच्याकडे कुणी बोलतच नाही. पण त्या नाताळात तिच्याकडून आर्डिसला लेफ्से, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पोळ्या, आल्या नाहीत, आणि आर्डिसने काय ते ओळखलं.

मग बाई हट्टाला पेटली. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरच्या वर्गात नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी जाऊन बसली. पत्र एकदा लिहायचं आणि नावं-पत्ते मशीनने यादीतून उचलून भरायचे, एवढं मेल मर्ज तिला आधीपासून येत होतं. तिला हवं होतं त्याच्या पुढचं. एका घरातली गेलेली सगळी माणसं एकाच पत्रात, एकाखाली एक. हे मशीनच्या गळी उतरवताना तिच्या नाकी नऊ आले. त्यात आमच्या यादीत दोन घरांच्या मध्ये रिकामी ओळ सोडायची जुनी सवय. मशीन त्या रिकाम्या ओळीलाही माणूस समजायचं आणि 'प्रिय' म्हणून पुढे काहीच नाही अशी पत्रं छापत सुटायचं. शेवटी तिने एक नियम घालून दिला. ज्या ओळीत बाप्तिस्म्याची तारीख नाही, ती ओळ सोडून दे. लोक फोन नंबर द्यायचे विसरतात, पत्ते बदलतात, पण आमच्या गावात बाप्तिस्म्याची तारीख नाही असा माणूस यायचा कुठून?

पत्रं झकास निघाली. एका घराला एक पत्र. पास्टर क्रेग नामवाचनाला जी यादी घेतात तीही त्यातूनच निघाली. आर्डिस त्या दिवशी इतकी खूश, की कुणी आग्रह न करता दुसरी वडी उचलली.

त्यानंतर दर वर्षी तसंच चाललं. आणि मग या वर्षी ब्रिट हॉव्हलँडचं झालं.

ब्रिटचे वडील ऑर्विल वसंतात गेले. उन्हाळ्यात ब्रिटला मुलगी झाली, ती जन्मली तेव्हाच गेलेली होती. नाव आधीच ठरलेलं, सिग्ने. ब्रिटने दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहून स्वतः आर्डिसच्या हातात दिली. आर्डिसने दोन्ही यादीत घातली. सिग्नेच्या ओळीत बाप्तिस्म्याचा रकाना कोरा राहिला. तिथे लिहिणार तरी काय होती?

पत्रं गेली. पुढच्या गुरुवारी आम्ही रविवारच्या पत्रकांच्या घड्या घालत बसलो होतो, तेवढ्यात ब्रिटचा नवरा कोडी दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"रविवारी आम्ही येत नाही, म्हटलं सांगून ठेवावं. पुढच्या बाकावर उगाच जागा धरू नका."

"का रे, बरं नाही का कुणाला?" आर्डिसने विचारलं.

"छे छे. ठीक आहे सगळं." त्याने टोपी गोल फिरवली. "ब्रिट म्हणाली, चर्चचे नियम असतील. आम्ही समजू शकतो. ठीक आहे."

आमच्याकडे माणूस दोनदा 'ठीक आहे' म्हणाला की समजायचं, ठीक काही नाही. तो गेल्यावर आर्डिसने त्यांच्या पत्राची प्रत काढली. प्रिय हॉव्हलँड कुटुंबीय, आणि खाली एकच नाव. ऑर्विल. ती ते नाव बघत राहिली. मग यादी उघडली, सिग्नेची ओळ बघितली, तो कोरा रकाना बघितला.

"वर्ना, मी गाळलं तिला."

"तू कुठे गाळलंस? चिठ्ठीवरून नाव तर घातलंयस."

"मीच मशीनला सांगितलं होतं. बाप्तिस्मा नाही तर सोडून दे म्हणून."

आवाज ऐकून पास्टर क्रेग बाहेर आले. तरुण माणूस, मनाने चांगला, पण भांडण दिसलं की आधी कॉफीकडे वळणारा. "एवढंच ना?" ते म्हणाले. "फोन करा. सांगा कॉम्प्युटरने घोळ घातला. खोटं थोडंच आहे?"

"बरोबर बोलतायत," मी म्हणाले. "आख्ख्या जगाचं सगळं कॉम्प्युटरच तर खातो. आपलंही खाल्लं म्हण आणि मोकळी हो."

"त्याला सांगितलं तेच त्याने केलं. सांगितलं मी."

"अगं बाई, पण तिचा तरी विचार कर! तिला काय सांगणार आहेस? तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा नव्हता म्हणून ती गळली? ती तेच तर धरून बसलीये. बिचारीच्या जखमेवर आणखी मीठ."

आर्डिसने कोट घातला. एक बाही सापडेना, मी धरून दिली. "खोटं सांगून तिला बरं वाटलं," ती म्हणाली, "तर ते बरं वाटणं माझ्या सोयीचं असेल, वर्ना. तिच्या नाही."

गाडी मीच चालवली.

ब्रिटने दार उघडलं, या म्हणाली, स्वयंपाकघरात बसवलं. ओट्यावर कॉफीचं भांडं भरलेलं होतं, वास येत होता. तिने ओतली नाही. आमच्या गावात वीज खात्याचा माणूस मीटर बघायला आला तरी त्याला कॉफी मिळते. मी मनात म्हटलं, बाई गं, आज काही खरं नाही.

"तुझ्या पत्रात सिग्नेचं नाव नव्हतं," आर्डिस म्हणाली.

"ठीक आहे, आर्डिस. तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? माझ्या आजीचं एक बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं, ते दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलंय. त्या वेळच्या पास्टरांनी आत जागा दिली नाही. मला वाटलं होतं आता तसलं काही राहिलं नसेल. पण बैठक झाली असेल, ठरलं असेल..."

"बैठक नाही झाली. कुणी काही ठरवलं नाही. मी केलं." आर्डिसने टेबलाची कड घट्ट धरली होती. "यादीतल्या रिकाम्या ओळी काढायला मी नियम घातला होता. बाप्तिस्म्याची तारीख नसेल तर ती ओळ रिकामी. ती तारीख नसलेलं माणूस असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

ब्रिट म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी रिकामी ओळ."

मला वाटलं आता आर्डिस कोसळते. मी उठायलाच लागले होते. पण ती तशीच बसून राहिली. "हो," ती म्हणाली. "माझ्या हातून तेच झालं."

"तिला वेळच मिळाला नाही हो!" ब्रिट एकदम ओरडली. आमच्याकडे असं कुणी ओरडत नाही. "बाप्तिस्म्याचं पाणी लावायला तरी जिवंत यायला हवं होतं ना ती! आणि तुम्ही कॉम्प्युटरचं नाव घेऊन मोकळ्या का नाही झालात? मी विश्वास ठेवला असता!"

"मला सगळ्यांनी तेच सांगितलं," आर्डिस म्हणाली, आणि मी खाली मान घातली.

ब्रिटने डोळे पुसले, नाक पुसलं. उठली, कपाटातून कप काढले. ओतता ओतता थांबली. "हा नियम याच वर्षी घातलात?"

आर्डिसने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे आधीपासून आहे. मग बाकीचे कोण?"

कॉफी कुणीच प्यायली नाही. परत येताना गाडीत आर्डिस एकच वाक्य बोलली, "कुणी तक्रार केली नाही गं." मी रस्त्याकडे बघत गाडी हाकली.

ऑफिसात शिरल्या शिरल्या तिने नियम काढून टाकला आणि मागच्या वर्षांच्या याद्या एकेक करून उघडल्या. नावं वर यायला लागली. फार नव्हती. हेरल्डची दुसरी बायको, जी त्याच्याबरोबर दर रविवारी यायची आणि कशावरच विश्वास नाही म्हणायची. लिंडक्विस्टांकडे राहणारी दत्तक घ्यायची ठरलेली मुलगी. प्रत्येक नावाला आर्डिस तोंडातल्या तोंडात "देवा" म्हणत होती. मग ती थांबली आणि तिने झटकन पडद्यावर हात ठेवला.

"हात काढ," मी म्हणाले. "तिथे कोण आहे मला माहीत आहे."

एमिट. माझ्या डेलचा मुलगा. तिकडे डेन्व्हरला झाला, फार लवकर झाला, आणि राहिला नाही. त्याच वर्षी माझी आई गेली होती. मी दोन्ही नावं दिली होती. पत्रात आईचं एकटीचं होतं.

"वर्ना, ते पत्र... घड्या तूच घालत होतीस."

"घातली ना. स्वतःच्या हाताने घडी घातली, स्वतःच चिकटवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं तूच ठरवलंयस."

"आणि तरी दर गुरुवारी येऊन माझ्या शेजारी बसलीस?"

"बसले. कुठे जाणार होते?" माझा आवाज चढला. "त्या रविवारी तू खाली तळघरात पोरं सांभाळत होतीस, तुला काय कळणार? शेवटचा टोला पडला तरी मी वाट बघत बसले होते. वाटलं, पान उलटायचं राहिलं असेल. डेलला फोनवर सांगितलं, हो रे, घेतलं एमिटचं नाव, छान वाजली घंटा. पोटच्या पोराशी खोटं बोलले, तुझ्या चर्चची लाज राखायला!"

आर्डिस हमसून हमसून रडली. मी नेहमीसारखं 'असू दे गं, होतं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण माझ्यासाठी ते 'असू दे' नव्हतं.

दोन दिवसांत मी डेलला फोन केला आणि खरं सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी फोन चालू ठेवशील, आई?"

रविवारी खाली पोरांपाशी दुसरं कुणीतरी बसलं. आर्डिस वर आली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. पास्टर क्रेगांनी नामवाचनाआधी एक कागद वाचला. कॉम्प्युटरचा त्यात उल्लेखही नव्हता. 'काही नावं माझ्या चुकीने राहिली, मी ती वगळली', आणि खाली सही, आर्डिस लोकेन. लोक समोर बघत राहिले, कुणी चुळबुळलंसुद्धा नाही. प्रार्थना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं. ब्रिट आणि कोडी, कोट न काढता शेवटच्या बाकावर.

ऑर्विल. टोला. सिग्ने. टोला. मागे ब्रिट उठून उभी राहिल्याचा आवाज आला, आणि ती उभीच राहिली.

मग जुनी नावं सुरू झाली. माझ्या मांडीवर फोन चालू होता, पलीकडे डेल. आर्डिसने माझा हात धरला आणि कानाशी येऊन कुजबुजली, "मला माफ कर, वर्ना."

"आत्ता नाही," मी म्हणाले. "ऐकू दे मला."