खंडेनवमीचं पिस्तूल आणि तो फोटो

आज खंडेनवमी, म्हणून क्लबमध्ये नेमबाजीला वापरतो ते पॉइंट टू-टूचं पिस्तूल कॅबिनेटमधून काढून देवापुढे ठेवलं. हळदकुंकू वाहिलं.

निरांजन ठेवायला वळलो, तेवढ्यात जेवायला आलेल्या मंदारने ते उचललं आणि स्वतःच्याच बायकोच्या कपाळावर रोखलं. "अरे, फोटो काढा कुणीतरी!"

मी पिस्तूल हिसकावून घेतलं, पण तोवर कुणीतरी फोटो काढला होता.

"रिकामंच आहे ना? किती पॅनिक होतोस!"

हो, रिकामं होतं. पण आमच्या रेंजवर रिकामं पिस्तूल कुणाकडे नुसतं वळलं तरी त्या नेमबाजाला त्याच क्षणी बाहेर काढतात.

शिसारी आली. त्याची, आणि ते कॅबिनेटमधून काढणाऱ्या माझीही.

आता तो फोटो आपल्या या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. खाली तुमचे हसरे इमोजी. तिचे घट्ट मिटलेले डोळे एकालाही दिसले नाहीत?