झिजलेल्या सीअरचा दावा

फौजेत मी आर्मरर हवालदार होतो. पेन्शनवर आलो आणि सौदीतल्या ताइफच्या एका शूटिंग क्लबात हत्यारं सांभाळायला लागलो. पुढे सलीमलाही रेंजवर गार्ड म्हणून बोलावून घेतलं. खेडचा माणूस, माझ्याच पलटणीतला नाईक. तोंडाने फटकळ, पण रेंजवर त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही.

पलटणीत पार्ट झिजायची वाट कोणी बघत नाही, मुदत आली की बदलतात. क्लबात मी तेच मागायचो. मालक म्हणजे आमचा कफील, त्याच्याच व्हिसावर आम्ही. तो म्हणायचा, "रायफलला वॉरंटी आहे. यल्ला, काम कर."

त्या सकाळी वॉकीवर सलीमचा आवाज आला.

"उस्ताद, मेंबरच्या हातातल्या रायफलचा बोल्ट अडकलाय. गोळी आत आहे."

"आलो. नळी टार्गेटकडेच ठेवायला सांग."

"रॉजर. सांगितलंय."

मी निम्म्या वाटेवर असताना फायर झाला. मेंबर रायफल दाखवायला सलीमकडे वळला होता आणि वळता वळता त्याने सेफ्टी काढली. गोळी सलीमच्या छातीत गेली, तो जागीच गेला. "ट्रिगरला हात लावला नाही," म्हणत तो ढसाढसा रडत होता. ते खरं होतं. ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरतो तो सीअर. मी रायफल उघडली तेव्हा त्याची धार पार गुळगुळीत झाली होती.

क्लबाच्या रिपोर्टात मात्र आलं, गार्डचा हलगर्जीपणा. डोकंच फिरलं माझं! शेवटी कफीलने विक्रेत्यावर वॉरंटीचा दावा लावला. सीअर सदोष ठरला असता तर सलीमवरचा डाग पुसला जाणार होता. सलीमची बायको, रुखसानावहिनी, खेडहून रोज फोन करायच्या.

विक्रेत्याचं उत्तर आलं. नेहमीच्या वापराने पार्ट झिजतो, तो दोष नव्हे. तरी नवी रायफल देतो, दावा मागे घ्या. कफीलने घेतला.

"साहेब, सलीमचं काय?"

"रायफल मी विकत घेतली होती, त्याने नाही. खलास."

वहिनींना सांगितलं.

"म्हणजे चूक आमच्याच माणसाची राहिली ना, भावजी?"

मी फोन ठेवला. आता दाद मागायला जागाच उरलेली नाही.

सलीमला इथंच दफन केलं. इथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. शुक्रवारी जातो, सावधान उभा राहतो, परत येतो. नाईक सलीम हलगर्जी नव्हता. हे लिहून घेणारं ऑफिस मला सापडलं नाही, म्हणून इथं लिहितोय.