सगळ्यांनी मान डोलावली

कापडाच्या गिरणीत तिला सगळे कल्याणबाई म्हणत, कारण कामगारांच्या कल्याणाचं खातं तिच्या गळ्यात पडलं होतं. बाई कामाला वाघ, पण भारी घाईची. एकच गोष्ट दोनदा विचारायची वेळ आली की तिचं डोकं फिरे.

गिरणीत आरोग्याचा उपक्रम सुरू करायचं ठरलं, तेव्हा तिनेच साहेबांकडे हट्ट धरला की आधी माणसांना काय हवंय ते विचारू या. हट्ट अगदी रास्त होता. मागखात्यातल्या विणकरांना तिने गटागटाने आपल्या खोलीत बोलावलं, मागांचा खडखडाट नको म्हणून दार लावून घेतलं आणि कागदात डोकं खुपसून प्रश्न वाचत सुटली. कंबर दुखते का? संगीतावर व्यायाम आवडेल का? कामाआधी जमेल का? सगळ्यांनी मान डोलावली. तिचा सख्खा मोठा भाऊ त्यांच्यातच होता. त्याने तर जरा जास्तच डोलावली. इतकी गुणी माणसं पाहून बाईंना भरूनच आलं. तासाभरात साहेबांच्या टेबलावर अहवाल गेला आणि शाबासकीही मिळाली.

संध्याकाळी घरी तिने भावासमोर बसून विचारलं, "दादा, व्यायामाला गाणी कुठली लावू रे?"

"कसली गाणी?"

"अरे, दुपारी हो म्हणालास की!"

दादा ओशाळला. "तू खाली बघून बोलत होतीस. तोंडच दिसलं नाही तुझं. सगळे माना हलवत होते, म्हणून मीही हलवली."

"म्हणजे तुला ऐकू आलं नाही?"

"आमच्यात कुणाला धड येतंय? मागांच्या आवाजात आम्ही ओठ बघूनच बोलतो. तिथे काही अडत नाही गं."

भांडी पुसणारी वहिनी थांबली. "मला वाटायचं, लग्न झाल्यावर पुरुषांना एवढंच ऐकू येतं." एरवी घर हसलं असतं.

कल्याणबाईला आपलेच शब्द आठवले. 'बहिरा आहेस का?' असं ती या माणसावर किती वर्षं खेकसत आली होती, आणि तो नुसता हसायचा. हिला कॉलेजात घालायचं म्हणून तो जादा पाळ्या करत त्या खडखडाटात उभा राहिला होता. तिने कंबर विचारली, गुडघे विचारले. कानांचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"उद्याच साहेबांना सांगते. आधी कान तपासू, गाणी मग."

दादाने तिचं मनगट धरलं. "नको. बहिरा म्हटलं की मागावरून काढतील. या वयात मला कोण ठेवून घेणार? माझ्यासाठी एवढं कर."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना काहीच सांगितलं नाही. दादासाठीच, असं तिने मनाला बजावलं. पण मार्ग काढता आला असता. कुणाचंही नाव न घेता सगळ्यांसाठी कानात घालायची बुचं मागता आली असती. त्यासाठी मात्र आपली पाहणी कुचकामी होती हे साहेबांपुढे कबूल करावं लागलं असतं, आणि तिथे बाईंची जीभ टाळ्याला चिकटली. साहेब समोर आले की ती हसायची आणि मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घालायची.

व्यायामाच्या पहिल्या दिवशी पटांगणात विणकर पुढे आणि कार्यालयातली मंडळी मागे उभी राहिली. बरं चाललं होतं. मध्येच गाणं बंद पडलं. शिकवणारी बाई पाठ फिरवून यंत्राशी खटपट करू लागली. कार्यालयवाले हात खाली सोडून थांबले. विणकरांचे हात मात्र वर आणि खाली, वर आणि खाली चालूच राहिले. पटांगणात चिडीचूप, आणि सगळ्यांच्या पुढे दादा.

"बघा, यांना थांबवतच नाहीये! खरी गरज ओळखलीत हं तुम्ही," साहेब खूश होऊन म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. आता ते तिच्याकडे बघत होते.

शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तो गिळून तिनेही टाळ्या वाजवल्या.

दादाला टाळ्या दिसल्या. बहीण आपल्यावर खूश आहे हे पाहून त्याचा चेहरा खुलला, आणि तो आणखी जोरात हात हलवू लागला.