मी पुसलेली पाटी

खोलीवरच्या गड्यांनो, हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवा. आज माझ्या हातनं लई वाईट झालं.

सुट्टीवर गावी, केमला आलोय. माझी सुमी आता पहिलीत आहे. सकाळी कोनाड्यात तिची पाटी दिसली, वाकड्यातिकड्या अक्षरांनी भरलेली. मला वाटलं, पोरीनं नुसत्या रेघोट्या मारल्यात. मी दुसरीतनं शाळा सोडलेला, तरी म्हटलं आपण शिकवावं. ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि तिचं नाव मोठ्ठं काढून ठेवलं. तिनं बघितलं आणि पाटी दप्तरात घातली.

तो तिचा गृहपाठ होता. गुरुजींनी दोन छड्या मारल्या, हे दुपारी शेजारच्या पोरीकडनं कळलं.

सुमी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "आण्णांनी पुसली, असं सांगायचं की गं!"

"आई म्हणती, आण्णा चार दिसाचं पाव्हणं हायत. त्यास्नी वाईट वाटंल असं काय बोलायचं न्हाय."

संध्याकाळी ती पुन्हा लिहायला बसली. मी जवळ सरकलो, तर तिनं पाटी पोटाशी धरली.

गड्यांनो, तुमचीही पोरं शाळेत जातात. अभ्यासाला बसल्यावर ती तुम्हाला जवळ बसू देतात का?