इसिकेलीकाकांचा बुश

आमच्या बेटावरच्या राकीराकी गावात गाडीचा एखादा बारका भाग मोडला की माणूस आधी देवाला आठवतो आणि मग माझ्या गॅरेजात येतो. खरा उपाय मात्र नदीपलीकडे इसिकेलीकाकांकडे असायचा. असायचा म्हणतोय, कारण आता नाही. तो का नाही, हे गावात प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो आणि सगळे चूक सांगतात. बरोबर काय ते फक्त मला माहीत आहे आणि चार वर्षं मी ते गिळून बसलोय.

आमच्याकडच्या गाड्या जपानात वापरून झालेल्या. त्यांचं इंजिन काही मरत नाही. मरतं ते बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक. खिडकीची काच उचलणारी क्लिप, वायपरच्या दांडीतली कडी, गिअरच्या केबलच्या टोकाचा बुश, म्हणजे खिळीवर बसणारं वाटोळं कडं. आणि दुकानात ते सुटं मिळत नाही. बुश पाहिजे तर गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची अख्खी केबल घ्या, साडेचारशे डॉलर मोजा आणि बोट येईपर्यंत सहा आठवडे थांबा. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून शिंप्याने नवा सदरा गळ्यात मारावा, तसला हा व्यापार. टॅक्सीवाल्याने सहा आठवडे गाडी उभी ठेवायची तर घरात शिजणार काय?

इसिकेलीकाका साखर कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्यांनी टेबलं, पंखे, पत्रे असं काय काय घरी नेलं. काकांनी भंगारात निघालेलं एक छोटं लेथ मशीन मागून घेतलं, आणि भाग कातायला उसाच्या पट्ट्याखालचे झिजलेले नायलॉनचे रोलर. उसाच्या ट्रकवर घालून ते सगळं त्यांनी गावी नेलं आणि फणसाच्या झाडाखाली पत्र्याची शेड टाकली. लितियाकाकू म्हणायच्या, माझ्या स्वयंपाकघराला पत्रा मिळाला नाही, पण या यंत्राला घर मिळालं.

मोडका तुकडा नेला की काका तो आधी हुंगून बघायचे, मग दाताखाली धरून हळूच चावायचे. "हा नुसता प्लास्टिक," म्हणायचे, "म्हणून मेला." माप मात्र तुकड्यावरून कधी घेत नसत. मोडलेला तुकडा खोटं बोलतो, ज्या खिळीवर तो बसायचा तिला विचार, असं त्यांचं म्हणणं. मग मी गाडीखाली झोपून खीळ मोजायची, आणि आकडा चुकला तर परत पाठवणार. मास्तर पोराला हाकलतो तसं हाकलायचे, "भैया, तुझी फूटपट्टी बाजारातल्या अननसवालीकडून आणलीस का?"

त्यांनी कामाचे पैसे ओळखीच्या माणसाकडून कधी घेतले नाहीत, आणि ओळखीचा नसलेला माणूस राकीराकीत मला अजून भेटायचाय. यंगोनाच्या मुळ्यांची पुडी न्यायची, ती कुटून पाण्यात कालवायची, दोघांनी बसून प्यायची, झाला हिशेब. गिऱ्हाइकाकडून मी साठ डॉलर घ्यायचो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही कधी जास्तीची पुडी नेली नाही, हेही लिहून ठेवतो.

त्यांची अट एकच होती. बुश बसवण्याआधी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचा. मऊ पडला की अंगठ्याने दाबायचा. हातोडी लावायची नाही, कधीच नाही. "थंड नायलॉन हट्टी असतो," ते सांगायचे. "मारलंस तर ऐकेल, पण मनात ठेवेल."

त्या शुक्रवारी नियाज टॅक्सीवाला सकाळीच आला. गाडीतला गिअरचा दांडा नुसता लुळा हलत होता. त्याला नांदीच्या विमानतळावर माणसं सोडायची होती आणि ती माणसं गाडीतच बसलेली, बॅगांसकट. काकांनी केलेला तसल्याच गाडीचा बुश माझ्याकडे तयार होता. शेगडीवर पाणी ठेवायला गेलो तर गॅस संपलेला. शेजारच्या रोटीवालीकडे गरम पाणी मिळालं असतं, वीस पावलं होती. नियाज हॉर्न वाजवत होता. मी बुश थंडच खिळीवर ठेवला आणि हातोडीने दोन ठोके दिले.

दुसऱ्या ठोक्याला आवाज आला. बारीक, सुपारी फुटल्यासारखा. मी बोट फिरवून पाहिलं, केसाएवढी चीर होती. ती मी पाहिली, हे मला स्वच्छ आठवतं. मी तिच्यावर ग्रीस थापलं, हात पुसले आणि नियाजला म्हटलं, जा.

नऊ दिवस तो चालला. दहाव्या दिवशी नियाजने घरासमोरच्या उतारावर गाडी उभी केली, दांडा पार्कवर ठेवला आणि फाटक उघडायला उतरला. मधला बुश फुटला होता; दांडा पार्कवर होता, गिअरबॉक्स नव्हता. गाडी मागून आली आणि त्याचा पाय फाटकाच्या खांबावर चेपला. घोट्याची दोन हाडं मोडली.

दवाखान्यात त्याच्या बायकोने मला विचारलं की असं झालंच कसं. मी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर आलं ते ऐकून माझाच विश्वास बसेना. मी म्हणालो, "हाताने केलेला माल, वहिनी. काकांचंही वय झालं आता."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा चोरच. संध्याकाळपर्यंत वाक्य बाजारभर झालं. फुटका बुश मी गाडीखालून काढून घेतला होता. त्याच्यावर हातोडीचा वळ इतका ठळक होता की काकांनी नुसता बघितला असता तरी पुरे होतं. मी तो पुलावरून नदीत टाकला.

पण काका बघायला आलेच नाहीत. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ते वेगळ्याच कामाला आले. कमरेला गुंडाळलेला स्वच्छ सुलु, इस्त्रीचा शर्ट, सोबत लितियाकाकू आणि चुलतभाऊ तेविता. तेविताच्या हातात ताम्बुआ होता, काथ्याची दोरी बांधलेला देवमाशाचा दात. काकांच्या आजोबांपासून घरात जपलेला, पिवळा पडलेला. तो पाहिला आणि मी ओळखलं. हे माफी मागायला आले होते, बुलुबुलु करायला.

नियाजला त्यांनी निरोप धाडून बोलावलं होतं. तो कुबड्या घेऊन बाकावर बसला होता. मी खुर्च्या पुढे केल्या, पण तिघं दाराशी सिमेंटवर बसले, जिथे मी रोज तेल सांडतो. काकांनी मान खाली घातली. अशा वेळी चूक करणारा बोलत नाही, त्याच्यासाठी दुसरा बोलतो. तेविता बोलला.

"इसिकेलीच्या हातच्या कामाने या माणसाचा पाय मोडला, आणि ज्याने विश्वासाने ते काम लोकांना दिलं त्याचं नाव गेलं. त्याच्याकडे सांगायला कारण नाही. हा लहानसा ताम्बुआ आहे. हा घ्या आणि हे सगळं पुरून टाका."

नियाज गोंधळला. दात घेणं म्हणजे गोष्ट पुरली, पुन्हा कुणी तोंडातून काढायची नाही, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सुमेरभाई, तुम्ही वडीलधारे. तुम्ही घ्या."

मला वेळ होता. कुणी घाई केली नाही. काकांची मान माझ्यासमोर वाकलेली होती, केस भादरून आलेले, मानेवर साबणाचा वास. एक वाक्य पुरे होतं. हातोडी मी मारली. एवढंच. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. नियाज पोलिसात जाईल हे आलं. गिऱ्हाईक तुटेल हे आलं. काकांचं काय होईल, हे आलंच नाही.

मी दोन्ही हातांनी दात घेतला. वजनदार होता. "घेतलं," मी म्हणालो, "पुरलं."

तिघांनी रीतीप्रमाणे ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजवल्या. काकांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा मोकळा. मग त्यांनी स्वतः यंगोना कालवला आणि पहिली करवंटी मला दिली. मी प्यायलो.

तीन आठवडे मला नीट झोप नव्हती. शेवटी एका दुपारी मी एक सोडून पाच पुड्या घेतल्या आणि नदीपलीकडे गेलो. लेथवर ताडपत्री टाकून वर दोरी बांधलेली होती. काका फणसाखाली जाळं विणत होते. मी समोर बसलो आणि सुरुवात केली, "काका, नियाजचा तो बुश. त्या दिवशी गॅस संपला होता, आणि मी..."

त्यांनी हात वर केला.

"नाही, भैया. ते पुरलंय. पुरलेलं उकरलं की घाण येते." मग हसून म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतलंस."

रीत म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. हात वर झाला आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला बरं वाटलं. तीनच शब्द राहिले होते, ते बोलायला रीत आडवी येते का कुणाला? काकू चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो, मासे किती सापडतात ते विचारलं, आणि घरी आलो.

ताम्बुआ माझ्याकडे आहे, कपाटात कपड्यांखाली. विकता येत नाही, परत करता येत नाही.

ताडपत्री अजून निघालेली नाही. गावातले टॅक्सीवाले आता सहा आठवडे थांबतात, साडेचारशे मोजतात, आणि अख्खी केबल मीच मागवून देतो. मागच्या महिन्यात तावुआकडचा एक अनोळखी माणूस खिडकीची मोडकी क्लिप रुमालात बांधून माझ्याकडे आला. आधी नदीपलीकडे जाऊन आला होता. मी विचारलं, काय म्हणाले काका?

"म्हणाले, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. गॅरेजवाल्या सुमेरकडे जा. माणूस सरळ आहे, तो तुला फसवणार नाही."